आग-दरोग्याच्या परीक्षेला उदयनगरच्या रानात

हौसेने उदयनगरच्या रानात जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तिथे ना तीर्थ, ना मोठा बाजार. फाल्गुन सरत आला की तिथली गुरेसुद्धा सावली सोडून हलत नाहीत. मी गेलो तो हुकुमावरून, आणि ज्याच्याबरोबर जायचे होते त्या माणसाचा मला त्या दिवसांत मनस्वी हेवा वाटत होता. तो माणूस म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ दिनकर.

आमचे घराणे मराठ्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले आणि धारचेच झाले. वडील पागेत घोड्यांची देखभाल करत. ते गेले तेव्हा मी शाळा सोडून नालछ्याच्या बाजूला नाकेदार झालो, म्हणजे जंगलाचा पहारेकरी. दिनू शाळेत राहिला. पुढे दरबाराने त्याला उत्तरेकडे जंगलाच्या शाळेत धाडले. तिथून तो सनद, इंग्रजी बूट आणि गळ्यात चांदीची शिट्टी घेऊन परतला. मी तोवर मांडवाच्या घाटातले इतके वणवे झोडपले होते, की माझ्या हातांवरचे केस पुन्हा नीट उगवायचेच विसरले होते.

त्या साली नवा हुकूम आला. येत्या उन्हाळ्यापासून वणव्यावर माणसांची टोळी न्यायची असेल तर नुसता अनुभव चालणार नाही. शिक्षण घ्यावे लागेल, परीक्षा द्यावी लागेल, आणि पास होईल त्यालाच ‘आग-दरोगा’ म्हणतील. धार आणि देवास दोन्हीकडच्या माणसांसाठी उदयनगरजवळ शिबिर भरणार होते. परीक्षा घेणारे एक गोरे साहेब जबलपूरकडून येणार होते. आणि शिकवायला त्यांच्या हाताखाली कोण? तर आमचा दिनू.

आई म्हणाली, “बरं झालं, घरचाच माणूस आहे. तुला सांभाळून घेईल.”

ज्याला मी खांद्यावर बसवून दसऱ्याची स्वारी दाखवली, तो मला सांभाळून घेणार होता.

देवास

इंदूरपर्यंतचा रस्ता धारच्या माणसाला पाठ असतो, तो सोडून देतो. इंदूर मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना अफूची शेते लागली. पांढऱ्या फुलांचा बहर सरून बोंडे धरली होती आणि बायका वाकून त्यांना चिरा देत होत्या. वाऱ्यावर असा काही जड वास येत होता की टांग्याचे घोडेदेखील सुस्तावले.

देवास पाहून मला गंमत वाटली. आमच्या धारेत राजा एक आणि तळी अनेक. इथे शहर एक आणि राजे दोन. पूर्वी दोघा भावांनी राज्य वाटून घेतले, त्यांच्या दोन गाद्या आजही शेजारी शेजारी नांदतात. रस्त्याच्या या कडेला एकाचा अंमल, पलीकडे दुसऱ्याचा. टांगेवाल्याने ते मोठ्या अभिमानाने सांगितले. सांगताना तो दिनूकडे पाहत होता. त्याला “हुजूर” म्हणत होता आणि मला नुसते “भिया”, म्हणजे भाऊ. उतरताना हुजुरांची वळकटी त्याने माझ्या हातात दिली.

“दादा, द्या इकडे,” दिनू म्हणाला.

“राहू दे,” मी म्हणालो आणि मुद्दामच ती धर्मशाळेपर्यंत वाहून नेली. माझ्या मनातला कडवटपणा मी असाच, कष्ट करून वाढवत होतो.

संध्याकाळी टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेलो. तिथे थोरली आणि धाकटी अशा दोन बहिणी आहेत. त्यांचे भांडण झाले होते, असे पुजारी सांगत होता. दिनू थोरलीपुढे बराच वेळ हात जोडून उभा होता. मी आधी धाकटीकडे जाऊन आलो आणि त्याची वाट न पाहता पायऱ्या उतरलो.

हाटपिपल्या

इथून पुढे बैलगाडी. काळीसिंध नदीच्या उतारात पाणी घोटाभरच होते, पण खडक निसरडे. एक चाक घसरले, गाडी कलली आणि माझी पेटी अलगद पाण्यात जाऊन बसली. परीक्षेसाठी शिवून घेतलेला नवा कोट तिच्यात होता. दिनूची पेटी गाडीतच राहिली.

“माझ्याकडे एक जादा कोट आहे दादा, तो घाला.”

“तुझा मला बसायचा नाही.”

तो मला छान बसला असता. आम्हा दोघांचे खांदे वडिलांसारखे आहेत. पण मी ओला कोट गाडीच्या दांडीवर वाळत टाकला आणि त्यावर रस्त्याची सगळी धूळ बसू दिली.

हाटपिपल्याला एका मराठी कारकुनांकडे मुक्काम होता. गावातल्या नृसिंहाची पाषाणमूर्ती डोल ग्यारसीला, म्हणजे भादव्यातल्या एकादशीला, पाण्यावर तरंगते, हे त्यांनी आम्हाला बसायच्या आधी सांगितले. त्यांच्या घरच्या काकूंनी दाल-बाफल्यांचा बेत केला होता. शेणीच्या निखाऱ्यावर भाजलेले बाफले फोडून तुपात बुडवलेले, वर आंबटगोड वरण. आमच्याकडेही करतात, पण हा खमंगपणा त्याला येत नाही. हे मी मोकळेपणाने लिहितो, कारण त्या जेवणात एवढीच गोष्ट माझ्या घशाखाली सुखाने उतरली.

झाले असे, की पाने मांडताना काकूंनी दिनूला विचारले, “साहेब, तुमच्याबरोबरच्या शिपायाचं पान ओसरीवर मांडू का?”

दिनूचा चेहरा पडला. “काकू, ते माझे थोरले बंधू आहेत.”

काकूंनी जीभ चावली आणि माझ्या बाफल्यांवर इतके तूप ओतले की पानाबाहेर ओघळ गेला. नंतर त्या दिनूला आपली बहीण लग्नासाठी दाखवायची आहे असे सांगत राहिल्या. मी खाली मान घालून जेवलो. शिपाई म्हणवून घेण्याचे मला तितके दुःख नव्हते. दिनू शेजारी नसता तर मी शिपाई दिसलो नसतो, हे दुःख होते.

उदयनगरचे रान

रान मात्र पाहण्यासारखे आहे. आमच्या नालछ्याकडे डोंगर एकदम तुटून खाली पडतो. इथे तो घडी घातलेल्या धोतरासारखा पाऊल पाऊल उतरत नर्मदेकडे जातो. साग उघडा पडलेला, पळस पेटलेला, आणि पहाटे मोहाची फुले टपटप पडताना ऐकू येतात. ती वेचायला कोरकू आणि भिलाले बायकापोरांसह रानात येतात. फुले स्पष्ट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, आणि त्यातली एखादी ठिणगी उठून डोंगरावर जाते. वणवा लागतो तो बहुधा असा.

शिबिरात दिनूला तंबू होता, आम्हा उमेदवारांना गवताच्या झोपड्या. माझ्या झोपडीत मांगीलाल नावाचा बागलीकडचा नाकेदार होता. दिसायला वाळका, बोलायला अखंड. जेवायला मक्याचे पानिये असत, म्हणजे पानांत गुंडाळून निखाऱ्यात भाजलेल्या जाड भाकऱ्या. मांगीलाल त्या खाता खाता म्हणायचा, “भिया, छोटे साहब तमारा भाई हे नी? फिर तो तम पास हुईज गया.”

पहिल्या दिवशी सकाळी दिनूने आम्हाला रांगेत उभे केले आणि विचारले, “वणवा विझवलाय कुणी कुणी?”

सगळ्यांचे हात वर झाले. माझा सर्वांत उंच.

“छान. आता हात पाठीमागे बांधा. हे शिबिर संपेपर्यंत ते तिथंच ठेवायचे.”

लोक हसले. तो हसला नाही. त्याने जे शिकवले ते थोडक्यात असे. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून केलेली मोकळी पट्टी, कुठून काढायची. राखेची दिशा पाहून वारा कसा ओळखायचा. वणव्यासमोरून उलट आग कधी लावायची आणि कधी नाही. माणसांना आगीवर पाठवण्याआधी त्यांची परत यायची वाट कशी पाहून ठेवायची. आणि सर्वांत शेवटी, जे मला सर्वांत जास्त खटकले: दरोग्याने आगीला हात लावायचा नाही. त्याने सगळी माणसे दिसतील अशा जागी उभे राहायचे. शिट्टी लांब वाजली की हातातले काम टाकून मागे फिरायचे, मग आग बोटभर का उरली असेना.

हे सगळे मला आधी येत नव्हते असे नाही. पण दिनूच्या तोंडून ते इतके सोपे आणि नेटके निघत होते, की आपण वर्षानुवर्षे जे आंधळ्यासारखे चाचपत केले ते याने खुर्चीत बसून मिळवले, असे वाटून मला जेवण गोड लागेना. देवासचे अण्णाजी नावाचे वयस्कर उमेदवार त्याला शंका विचारत, तो आदराने समजावून सांगे. त्या दोघांना तसे बोलताना पाहिले की मी उठून नाल्यावर जाई.

मग सरावाची आग लावली. एका सपाट माळावर गवत पेटवून प्रत्येकाला आळीपाळीने टोळी दिली. माझी पाळी आली तेव्हा वारा जरा फिरला आणि ज्वाळा उजवीकडे सरकली. मी पाहत उभा राहू शकलो नाही. पळसाची हिरवी डहाळी ओढून घेतली आणि माणसांच्या पुढे जाऊन झोडपायला लागलो. सगळ्यांच्या आधी माझी आग विझली. मांगीलालने आरोळी ठोकली. जबलपूरचे मोठे साहेबही लांबून पाहत होते.

दिनू जवळ आला. माझ्या हातातली डहाळी त्याने हळूच काढून घेतली.

“दादा, डाव्या टोकाला कोण होतं?”

“असेल कुणीतरी. आग विझली ना?”

“विझली. पण डाव्या टोकाचा माणूस धुरात खोकत खाली बसला होता. तुम्हाला दिसला नाही.”

“माणूस बरा आहे की नाही?”

“आहे.”

“मग झालं तर.”

“आजचा धडा नाही झाला, दादा,” तो म्हणाला. सगळ्यांदेखत. मला त्या क्षणी त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली. लहानपणी दिली असती.

डोंगर

शिबिर संपायला आले होते आणि खरीच आग लागली. भर दुपारी दक्षिणेच्या डोंगरावर धूर दिसला. मोहाखालचा पाचोळा पेटून आग वर चढली होती. वर सागाची कोवळी लागवड होती. साहेब घोड्यावर दुसऱ्या अंगाने गेले आणि आमच्या बाजूची सूत्रे दिनूकडे दिली.

त्याने मला, मांगीलालला आणि काही कोरकू माणसांना डोंगराच्या खांद्यावर धाडले. जाताना एक नाळ दाखवली, दोन खडकांमधली अरुंद उतरण. “परतायची वाट ही. दुसरी नाही,” म्हणाला. स्वतः त्या नाळेच्या तोंडाशी एका उंच खडकावर उभा राहिला. इस्त्रीचा सदरा, रिकामे हात. माझ्या मनात आले, ही नोकरी तर कुणीही करील.

आग गुडघाभर गवतात होती. आम्ही झोडपत पुढे सरकत होतो आणि ती मागे हटत होती. माझ्या अंगात बळ आले होते. आज याच्या शाळेला दाखवतो, असे प्रत्येक फटक्याला वाटत होते. तेवढ्यात शिट्टी झाली. लांब.

“भिया, सीटी बजी री हे, चालो नी!” मांगीलाल ओरडला.

“थांब. ही एवढी पट्टी उरलीय.”

पुन्हा शिट्टी झाली. कोरकू खाली निघाले. मांगीलाल माझा कोट ओढत होता, तोही सोडून गेला. मी आणखी थोडे झोडपले. मग एकटा माणूस काही करू शकत नाही हे कळून, शिव्या देत वळलो. नाळेत धूर भरला होता. डोळे मिटून, खडकाला हात लावत उतरलो. खाली आलो तेव्हा कुणाकडेही न पाहता सरळ ओढ्यावर जाऊन तोंड पाण्यात घातले.

सागाची लागवड जळाली. संध्याकाळपर्यंत सगळा डोंगर काळा झाला. झोपड्यांत कुजबुज होती, छोटे साहेब घाबरले, आग हातात आलेली सोडली. मी त्यात भर घातली नाही. पण अडवलेही नाही. खरे सांगायचे तर त्या संध्याकाळचे पानिये मला फार रुचकर लागले.

दिनू जेवायला आला नाही. सकाळी दिसला तेव्हा त्याच्या एका बाजूच्या भुवईचे केस जळालेले होते. आगीजवळ न जाता हे कसे जमवले, असे माझ्या मनात आले. मला वाटले, मिरवतोय.

निकाल

मोठे साहेब झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. एकेकाला पुढे बोलावून विचारत होते. माझी पाळी आली. साहेबांनी डोंगराकडे बोट केले.

“तुम ऊपर थे. सच बोलो. आग रोक सकते थे?”

दिनू शेजारीच उभा होता. माझ्या एका शब्दावर त्याची शाळा, सनद, सगळे उलटे होणार होते हे मला कळत होते. आणि तो शब्द खराही होता.

“रोक सकते थे, साहब.”

साहेबांनी दिनूकडे पाहिले. मला वाटले, आता तो सबबी सांगेल.

“दादा सही कहते हैं, साहब,” दिनू म्हणाला. “शायद रुक जाती.”

“तो सीटी क्यों बजाई?”

“नाळ में धुआँ भर रहा था. रास्ता एक ही था. आग रुकती या न रुकती, रास्ता बंद हो जाता.”

साहेब पुन्हा माझ्याकडे वळले. “तुम्हारी टोली में सबसे आखिर में कौन उतरा?”

मी आठवू लागलो. कोरकू आधी गेले. मग मांगीलाल. पण तो कोट ओढत होता तेव्हा आणखी कुणी डावीकडे होते का? मला आठवेना. मला धुरात कुणी दिसलेच नव्हते. मी पाहिलेच नव्हते.

“मांगीलाल असेल,” मी म्हणालो. मोजणीत मी स्वतःला धरलेच नव्हते.

मांगीलाल पटकन बोलला, “मैं तो पेले उतरी गयो थो, भिया.”

“तर मग...”

“दादा उतरे आखिर में,” दिनू म्हणाला. तो साहेबांकडे पाहत होता, माझ्याकडे नाही. “मांगीलाल के बाद बहुत देर तक कोई नहीं आया. मैं खडक पर था. नीचे की घास ने आग पकड़ ली थी. फिर दादा दिखे.”

“तुम क्यों नहीं हटे?”

“एक आदमी बाकी था, साहब.”

मी त्याच्या भुवईकडे पाहिले. नंतर त्याच्या हाताकडे. मनगटापासून कोपरापर्यंत त्याने तेलाची पट्टी गुंडाळली होती आणि वरून बाही ओढून घेतली होती. ती मला आतापर्यंत दिसली नव्हती. मी तोंड धुवायला ओढ्यावर गेलो, जेवलो, झोपलो, आणि हा काल दुपारपासून त्या हाताने वावरत होता. मला जे वाटले ते नुसती माया होती असे नाही. तिच्या पोटात तो जुना हेवा होताच. माणसासाठी असे उभे राहणेही याला माझ्या आधी जमले, असे काहीतरी मला टोचत होते.

साहेबांनी निकाल सांगितला. अण्णाजी पास. मांगीलालसुद्धा पास, कारण शिट्टी ऐकून त्याने आपली माणसे आधी काढली आणि प्रत्येकाचे नाव त्याला सांगता आले. तो बिचारा माझ्याकडे चोरट्यासारखा पाहत होता. मी नापास. एक उन्हाळा एखाद्या पास झालेल्या दरोग्याच्या हाताखाली काढायचा आणि पुन्हा यायचे. हाताखाली कुणाच्या, ते साहेबांनी तिथेच ठरवायला घेतले. नालछ्याला दिनूची नेमणूक झाली होती. अण्णाजी देवासला.

दिनू पुढे झाला. “साहब, दादा को अण्णाजी के पास दीजिए.”

मी शिबिरभर याचीच प्रार्थना करत होतो. काहीही होवो, पण या पोराच्या हुकुमाखाली राहायला लागू नये. आता ते आपसूक मिळत होते. आणि मला असे झोंबले, जसे कुणी चालत्या गाडीतून ढकलून द्यावे. याला मी नको होतो. नालछ्याच्या डोंगरावर, माझ्या डोंगरावर, तो दुसरी माणसे घेऊन जाणार होता.

“नहीं साहब,” मी म्हणालो. “मैं इसी के नीचे काम करूँगा.”

साहेबांनी खांदे उडवले आणि मान डोलावली.

गाडी जुंपेपर्यंत आम्ही दोघे मोहाच्या झाडाखाली उभे होतो. दिनूने विचारले, “दादा, असं का केलंत? तुम्हाला जड जाईल. मी रागावेन, चारचौघांत बोलेन. मलाही जड जाईल.”

“जाईल.”

“मग?”

मला नेटके बोलता येत नाही. मनात होते तसे म्हणालो, “तू उद्या दुसऱ्या कुणासाठी तसल्या खडकावर उभा राहशील आणि मी देवासला बसलेला असेन. ते मला सोसवायचं नाही.”

त्याच्या पट्टीचे टोक सुटून लोंबत होते. मी त्याचा हात ओढून घेतला आणि ती नीट बांधली, जरा जास्तच घट्ट. तो कळवळला, पण हात काढून घेतला नाही.